घरच्या ध्वनिमुद्रणासाठी मिक्सर की इंटरफेस?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यातील वाड्यावाड्यांवर घुमट या वाद्याच्या साथीने गायच्या आरत्यांचे सराव सुरू होतात, आणि अलीकडे त्या सरावांचे ध्वनिमुद्रणही घरच्या घरी होऊ लागले आहे. भजनी मंडळे स्पर्धेपूर्वी आपले गायन मुद्रित करून ऐकतात, गायन शिकणारी मुले रियाज संगणकावर साठवतात, परगावच्या शिष्यांना गुरुजी बंदिशी मुद्रित करून पाठवतात. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र या कामासाठी जी उपकरणे विकत घेतली जातात ती पाहिली म्हणजे निवडीचा मूळ प्रश्नच अनेकांनी स्वतःला विचारलेला नसतो असे दिसते. ज्याला संगणकावर ध्वनिमुद्रण करायचे आहे तो दुकानातून छोटा मिक्सर घेऊन येतो, आणि ज्याला देवळाच्या सभामंडपात चार माईक चालवायचे आहेत तो जाहिरात वाचून ऑडिओ इंटरफेस मागवतो. सणाच्या खरेदीचे दिवस तोंडावर आलेले असल्यामुळे या विषयावर आपल्या दैनिकातून थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेत आहे.

दोन्ही उपकरणांना माईक जोडता येतो, दोन्हींवर गेनची, म्हणजे माईकचा संकेत किती वाढवायचा हे ठरवणारी, बटणे असतात आणि आजकाल दोन्हींना यूएसबी तारही असते, म्हणून ती एकच वाटतात. इंटरफेसचे काम असे की, माईककडून येणारा अतिशय क्षीण विद्युत संकेत प्रीअँपने वाढवायचा, त्याचे अंकांत रूपांतर करून तो संगणकाला द्यायचा, आणि संगणकाकडून परत आलेला आवाज हेडफोनला किंवा स्पीकरला पोहोचवायचा. मिक्सरचे काम याहून निराळे असून, आलेले अनेक आवाज जागच्या जागी कमीअधिक करणे, त्यांचा बास-ट्रेबल जुळवणे, हवा असल्यास त्यांना प्रतिध्वनी देणे आणि या सर्वांचे एकच मिश्रण स्पीकरकडे पाठवणे यासाठी तो बनलेला असतो.

खरी अडचण ‘यूएसबी मिक्सर’ या प्रकारात आहे. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा आपल्याकडे बराच दिसणारा मिक्सर घेतला, तर त्याला चार माईक जोडता येतात. तरीही यूएसबीवाटे संगणकाला मिळतात त्या दोनच वाहिन्या, म्हणजे डावी आणि उजवी. बेरिंजरच्या झेनिक्स मालिकेतील क्यू८०२यूएसबी मधूनही यूएसबीवाटे दोनच वाहिन्या जातात. हा त्या मिक्सरांचा दोष नव्हे, कारण त्यांची रचनाच तशी आहे आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ती स्पष्ट लिहिलेली असते. पण गायक, पेटी, तबला आणि डग्गा असे चार माईक लावून मुद्रण केल्यावर दुसऱ्या दिवशी ऐकताना तबला गायकाच्या वर चढला आहे असे लक्षात आले, तर तो तेवढाच खाली आणण्याचा मार्ग उरत नाही. मिक्सरवर प्रतिध्वनी चालू असेल तर तोही मुद्रणात कायमचा बसतो. हेच मुद्रण चार प्रीअँपच्या इंटरफेसने केले असते, तर चारही आवाज संगणकावर चार वेगळ्या ट्रॅकवर आले असते आणि तबल्याचा ट्रॅक सावकाश खाली घेता आला असता.

ज्यांनी असा मिक्सर आधीच घेतला आहे त्यांनी तो विकून टाकावा असे मुळीच नाही. दोनच आवाज असतील तर एका वाहिनीचे पॅनचे बटण पूर्ण डावीकडे आणि दुसरीचे पूर्ण उजवीकडे फिरवावे. मग संगणकावर डाव्या बाजूला केवळ गायन आणि उजव्या बाजूला केवळ पेटी येते आणि पुढे ती वेगळी करता येतात. मात्र तेवढ्या वेळापुरता प्रतिध्वनी बंद ठेवला पाहिजे, कारण तो दोन्ही बाजूंना पसरतो. गायक आणि पेटी एवढ्यावर ज्यांचे भागते त्यांना ही युक्ती वर्षानुवर्षे पुरेल.

प्रत्येक वाहिनी वेगळी पाठवणारे मिक्सरही मिळतात; त्यांना मल्टिट्रॅक मिक्सर म्हणतात. साऊंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके संगणकाला १४ वाहिन्या स्वतंत्रपणे देतो. झूम या जपानी कंपनीच्या (ऑनलाइन सभांच्या झूमशी हिचा संबंध नाही) लाइव्हट्रॅक एल-८ ला सहा माईक लागतात आणि तो संगणकाविनाही एसडी कार्डावर प्रत्येक वाहिनी वेगळी मुद्रित करतो. भजनी मंडळाला सभामंडपातील कार्यक्रम आणि त्याचे मुद्रण अशी दोन्ही कामे एकाच उपकरणावर करायची असतील, तर माझ्या मते हा प्रकार सर्वांत सोयीचा आहे. पण तो साध्या यूएसबी मिक्सरपेक्षा बराच महाग पडतो आणि एकट्याने घरी रियाज करणाऱ्याला त्याची काही गरज नसते.

खोक्यावरील आकड्यांबद्दलही सावध राहायला हवे. एमजी१० मधील दहा म्हणजे दहा माईक नव्हेत. चार माईकच्या वाहिन्या आणि तीन स्टिरिओ जोड्या मिळून ते दहा होतात. इंटरफेसमध्येही हाच प्रकार आहे. फोकसराईटच्या स्कारलेट मालिकेतील २आय२ या नावात पहिला आकडा आत येणाऱ्या आणि दुसरा बाहेर जाणाऱ्या वाहिन्यांचा असतो, आणि त्या उपकरणाला खरोखरच दोन माईक लागतात. पण ४आय४ घेतला तर माईकचे प्रीअँप त्यातही दोनच असतात, उरलेली दोन इनपुट लाइनची, म्हणजे कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासारख्या वाद्यांसाठी असतात. तिसऱ्या पिढीतील १८आय८ ला तर चारच माईक थेट जोडता येतात. अठराचा आकडा पुरा होतो तो चार लाइन इनपुट आणि दुसऱ्या उपकरणाकडून येणाऱ्या दहा डिजिटल वाहिन्या धरून. याउलट बेरिंजरच्या यूएमसी४०४एचडी मध्ये चार इनपुट आणि चारही माईकची आहेत. तेव्हा दुकानात जाऊन ‘चार इनपुटचा दाखवा’ असे न म्हणता ‘माईकचे प्रीअँप किती’ असे विचारावे, आणि मिक्सर असेल तर ‘यूएसबीवाटे संगणकाला किती वाहिन्या जातात’ हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला दुकानदार अडखळला तर उत्तर बहुधा दोन असते.

मग किती प्रीअँप घ्यावेत? एकट्याने गाणाऱ्याला, मोबाईलवरील तानपुरा हेडफोनमध्ये ऐकत रियाज मुद्रित करायचा असेल तर एक पुरतो. स्कारलेट सोलो किंवा बेरिंजर यूएमसी२२ या जातीची उपकरणे त्यासाठीच आहेत. तरीही ज्यांना थोडा अधिक खर्च झेपतो त्यांनी दोन प्रीअँपचे उपकरण घ्यावे, कारण आज ना उद्या समोर पेटी येतेच. गायन, पेटी आणि तबला-डग्गा असा पुरा संच असेल तर चार हवेत. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे की, एकाच खोलीत सर्व जण बसले असता गायकाच्या माईकमध्ये तबला येणारच, त्यामुळे चार ट्रॅक झाले म्हणजे चार आवाज कापून वेगळे झाले असे होत नाही. तबल्याचा ट्रॅक पूर्ण बंद केला तरी गायकाच्या ट्रॅकमधून तो ऐकू येत राहतो.

म्हणूनच केवळ माईकची संख्या वाढवण्यात मला फारसे स्वारस्य वाटत नाही. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती ज्या काळी मुद्रित झाली त्या काळी ट्रॅक वेगळे करण्याची सोय नव्हती. कोणाला माईकपासून किती अंतरावर बसवायचे यावरच आवाजांचा तोल ठरत असे. आजही एखादे लहान मंडळ दोन चांगले माईक आणि दोन प्रीअँपचा इंटरफेस घेऊन, बसण्याच्या जागा बदलून बदलून पाहील, तर चार स्वस्त माईक लावून होणाऱ्या मुद्रणापेक्षा त्याचे मुद्रण कितीतरी सुरेल होईल. यंत्रावर खर्च करायच्या रकमेपैकी निम्मी तरी माईक, स्टँड, तारा आणि हेडफोन यांच्यासाठी राखून ठेवावी असे मला वाटते.

आता लेटन्सीविषयी, म्हणजे आवाज संगणकात जाऊन परत कानी येईपर्यंत होणाऱ्या विलंबाविषयी. संगणक आवाजाची सेकंदाला हजारो मोजमापे घेतो, त्यांना नमुने म्हणतात; तो ती थेंबाथेंबाने न घेता ठराविक नमुन्यांचा साठा भरला की पुढे पाठवतो आणि या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असताना बफर १२८ नमुन्यांचा असेल तर तो भरायला २.७ मिलिसेकंद लागतात, आणि १,०२४ नमुन्यांचा असेल तर २१ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. जाताना एकदा आणि येताना एकदा असा हा विलंब दोनदा होतो, म्हणजे मोठ्या बफरमध्ये तो ४० मिलिसेकंदांच्या वर जातो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो हे लक्षात घेतले, तर हेडफोन लावून वाजवणाऱ्या तबलावादकाला आपलीच थाप १४ मीटरांवरून आल्यासारखी ऐकू येईल, आणि अशा स्थितीत द्रुत लयीत कोणालाही सम नीट पकडता येणार नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की, ज्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरची सोय आहे तोच घ्यावा. तिच्यामुळे माईकचा आवाज संगणकातून न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. वर उल्लेखिलेल्या सर्व इंटरफेसमध्ये ती आहे, आणि मिक्सरमध्ये तर आवाज मुळातच थेट मिळतो, जी मिक्सरच्या बाजूची एक खरी जमेची बाब आहे. दुसरा उपाय ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरण आणि संगणक यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आहे. विंडोज संगणकावर कंपनीने स्वतः दिलेला एएसआयओ ड्रायव्हर बसवल्याशिवाय लहान बफर नीट चालत नाही, आणि काही स्वस्त मिक्सरांना असा ड्रायव्हर नसतोच. खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी तो उपलब्ध आहे की नाही हे पाहून घेण्यास पाच मिनिटे पुरतात. मॅक संगणकावर ही सोय मूळ प्रणालीतच असते.

जाहिरातींत सर्वांत ठळक छापलेला आकडा १९२ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांचा, असतो. त्याकडे घरच्या कामासाठी खुशाल दुर्लक्ष करावे. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ४८ किलोहर्ट्झचे मुद्रण २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडते. २४ बिट (प्रत्येक नमुना मोजण्याची बारकाई) आणि ४८ किलोहर्ट्झला चार ट्रॅकचे तासाभराचे मुद्रण साधारण दोन जीबी जागा घेते, १९२ ला तेच आठ जीबींच्या पुढे जाते आणि जुना लॅपटॉप मध्येच अडखळू लागतो. २४ बिटचा फायदा मात्र पुरेपूर घ्यावा. आवाज लाल दिव्यापर्यंत चढवण्याची सवय टेपच्या जमान्यातली आहे. आता सर्वांत मोठा आवाज संगणकावरील मोजपट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवला तरी गुणवत्तेत काही उणे येत नाही.

घुमटाच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले, घोरपडीच्या कातड्याऐवजी आता बकऱ्याचे कातडे वापरले जाते, आणि नव्या पिढीची मुले हौसेने वाजवू लागली आहेत. पण हे वाद्य माईकसाठी अवघड आहे. उजव्या हाताची थाप कातड्यावर तडक पडते, आणि डावा हात मागचे तोंड उघडबंद करून जो घुमारा काढतो त्याबरोबर हवेचा झोतही बाहेर येतो. माईक त्या तोंडासमोर धरला तर थापेचा बोल हरवतो आणि मुद्रणात केवळ धपधप उरते. माईक कातड्याच्या बाजूने, थोडा तिरका आणि हातभर अंतरावर ठेवावा, आणि गेनची चाचणी आरतीच्या सुरुवातीच्या संथ लयीत न करता शेवटच्या चढत्या लयीत करावी. शुअर एसएम५८ सारखा साधा डायनॅमिक माईक या कामाला उत्तम आहे. त्याला फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या तारेतूनच पुरवली जाणारी वीज, लागत नाही आणि तो धसमुसळेपणा सोसतो.

याच्या उलट, शांतपणे आणि थोड्या अंतरावरून गाणाऱ्या गायिकेसाठी कंडेन्सर माईक अधिक चांगला. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, आणि ती इंटरफेसवर आहे याची खात्री करून घ्यावी, कारण मोबाईलसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक लहान खेळणीवजा मिक्सरांत ती नसते किंवा पुरी ४८ व्होल्ट नसते. हल्ली मुलाखतींच्या चित्रफितींत दिसणारा शुअर एसएम७बी घेण्याचा मोह कित्येकांना होतो. त्याला किमान ६० डेसिबल गेन लागतो असे कंपनीच सांगते, तर स्कारलेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत गेनचा पल्ला ५६ डेसिबल होता. २०२३ साली आलेल्या चौथ्या पिढीत तो ६९ झाला. जुने उपकरण आणि तो माईक ही जोडी म्हणूनच जमत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या गायकाच्या आवाजाला दिला जातो.

आपल्याकडच्या हवेचा विचार परदेशी परीक्षणांत सापडणार नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात मिक्सरच्या फेडरांत (आवाज कमीअधिक करण्याच्या सरकत्या खुंट्यांत) आणि बटणांत ओल शिरते, किनाऱ्याजवळ खारा वारा त्यात भर घालतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर फेडर सरकवताना खरखर ऐकू येऊ लागते. इंटरफेसला बटणे मोजकीच असल्यामुळे तो या बाबतीत अधिक टिकाऊ ठरतो. घरच्या वापरासाठी मी इंटरफेसच्या बाजूने झुकतो त्याचे हेही एक कारण आहे. मिक्सर घेतलाच तर त्यावर कापडी आच्छादन घालावे आणि कंडेन्सर माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. कौलांवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजावर मात्र कोणत्याही कंपनीकडे इलाज नाही. आषाढ-श्रावणात वसरीपेक्षा आतली, कपड्यांनी आणि गाद्यांनी भरलेली खोलीच मुद्रणाला बरी.

विजेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. जुन्या घरांत अर्थिंग धड नसते, आणि मग हेडफोनमध्ये ५० हर्ट्झची एकसुरी घरघर ऐकू येते, जी अनेक जण उपकरणातील बिघाड समजून दुकानात परत नेतात. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घरघर थांबली तर उपकरण निर्दोष आहे आणि दोष जोडणीत आहे. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड (बाहेरची घरघर दाबणाऱ्या) तारा वापरल्या आणि सर्व यंत्रे विजेच्या एकाच पट्टीवरून चालवली तर ती बहुधा जाते. घरघर घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर तो जिवावर बेतणारा आहे, तो कदापि मानू नये. त्याऐवजी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. मृगाआधीच्या आणि परतीच्या पावसातील गडगडाटात सर्व तारा भिंतीतून काढून ठेवाव्यात.

ऑनलाइन शिकवणाऱ्या गुरुजनांसाठी एक सूचना. सभेची सॉफ्टवेअर तानपुऱ्याच्या अखंड सुराला गोंगाट समजून दाबून टाकतात, आणि त्याचे खापर नव्या इंटरफेसवर फुटते. झूमवर ‘ओरिजिनल साऊंड’ हा पर्याय चालू केला की तानपुरा परत ऐकू येतो.

अखेरीस दोन विनंत्या. कला अकादमी आणि मडगाव, साखळी, कुडचडे येथील रवींद्र भवने यांनी चवथीपूर्वी एखादा दिवस असा ठेवावा की, जेथे लोक आपला माईक आणि आपली पेटी घेऊन येतील आणि साधा यूएसबी मिक्सर, मल्टिट्रॅक मिक्सर व इंटरफेस या तिन्हींवर तेच गाणे मुद्रित करून शेजारी शेजारी ऐकतील. सरकारी अनुदानातून उपकरणे घेणाऱ्या शाळांच्या संगीत शिक्षकांना या दिवशी आवर्जून बोलवावे. दुसरी विनंती दुकानदारांना आहे. किमतीच्या चिठ्ठीवर माईकच्या प्रीअँपची संख्या आणि यूएसबीवाटे संगणकाला जाणाऱ्या वाहिन्यांची संख्या असे दोन आकडे त्यांनी मराठीत लिहून ठेवावेत.

आपला नम्र,
एक वाचक, म्हार्दोळ (फोंडा)